साहेबांच्या डब्याची तपासणी

ज्या रविवारी साहेबांचं वजन तेरा किलो भरलं, त्या रविवारी मी ठरवलं की आता हातावर हात ठेवून बसायचं नाही. आठ महिन्यांत अठराचे तेरा. पाच किलो साहेब कुठे गेले याचा पत्ता नाही. एवढा माल एखाद्या सरकारी गोदामातून नाहीसा झाला असता तर एव्हाना चौकशी समिती बसली असती आणि तिला दोनदा मुदतवाढही मिळाली असती. इथे चौकशी करणारा मी एकटा होतो, आणि संशयितही मीच.

साहेब म्हणजे आमचा कुत्रा. नाव हिने ठेवलेलं. मी एकतीस वर्षं एका अन्न तपासणी प्रयोगशाळेच्या रेकॉर्ड शाखेत कारकून होतो. पिल्लू घरी आलं तेव्हा ही म्हणाली, "घरात कारकून आहेच, एक साहेब पण असू दे." तेव्हापासून त्यांचा उल्लेख अनेकवचनी होतो. साहेब उठले, साहेब जेवले, साहेबांनी पायपुसणं फाडलं. अंगावर केस इतके की साहेबांचं तोंड कुठल्या बाजूला आहे हे हाक मारल्याशिवाय कळत नाही, आणि हाक मारली तरी ते वळतीलच असं नाही. माझे ऑफिसातले साहेबही साधारण असेच होते.

ही गेली त्याला आठ महिने झाले. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये तिने मला दोन गोष्टी बजावल्या. "मागच्या दाराची कडी आधी वर उचलायची आणि मग सरकवायची. आणि साहेबांचं दर रविवारी वजन करायचं. उतरू द्यायचं नाही." बस. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. छत्तीस वर्षांच्या संसाराच्या शेवटी कडी आणि कुत्रा. मला तेव्हा जरा लागलं, खोटं कशाला बोलू. पण ते बोलून दाखवायची ती वेळ नव्हती.

वजन करायची पद्धतही हिचीच. न्हाणीघरात एक जुना काटा आहे, गोल तबकडीचा. साहेब त्याच्यावर एकटे उभे राहत नाहीत. चार पायांपैकी एक कायम सभात्याग करतो. म्हणून मी त्यांना उचलून काट्यावर उभा राहायचो, आणि ही वाकून आकडा वाचायची. त्यातून माझे अडुसष्ट वजा केले की राहिले ते साहेब. न्हाणीघरातल्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने तिने जाड पेनाने लिहून ठेवलं होतं: "हे – ६८. साहेब – १८."

आता वाकून वाचणारं कोणी नाही. साहेब हातात असले की मला माझे पायही दिसत नाहीत, मग काटा कुठला. मी त्यावर तोड काढली. दाढीचा आरसा बादलीला टेकवून ठेवतो आणि त्यात आकडा वाचतो. तो उलटा दिसतो, मनातल्या मनात सुलटा करायचा. पहिल्या महिन्यात शहाऐंशीचे पंच्याऐंशी झाले. मग चौऱ्याऐंशी. त्या रविवारी एक्क्याऐंशी. एक्क्याऐंशी वजा अडुसष्ट, तेरा.

आता गंमत अशी की साहेबांच्या भुकेत काही फरक नव्हता. दोन्ही वेळा ताट चाटून लख्ख. म्हणजे खातात, पण अंगाला लागत नाही. याचा अर्थ कुणीही काढेल तोच मी काढला: खाण्यातच कस नाही. ही होती तोवर साहेबांसाठी स्वतः शिजवायची. मला स्वयंपाकातलं चहा आणि टोस्ट एवढंच येतं, आणि त्यातलाही टोस्ट हल्ली मी वगळतो. त्यामुळे ही गेल्यावर मी साहेबांना दुकानातल्या डब्यावर आणलं. डब्यावर एका धष्टपुष्ट कुत्र्याचं चित्र आहे आणि "संपूर्ण व संतुलित पोषण" असं लिहिलेलं आहे. म्हणजे गेले आठ महिने मी साहेबांना दोन वेळा पोटभर वाढून उपाशी मारत होतो. हिने एकच जीव माझ्या हवाली केला होता, आणि तो माझ्या हातून असा चालला होता. हा विचार आला की मला चहासुद्धा नकोसा व्हायचा.

साहेबांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "घेऊन या." पण कागद हातात असल्याशिवाय कुठल्याही टेबलापुढे उभं राहायचं नाही, हे मी नोकरीत शिकलो होतो. त्यातून डॉक्टरीणबाईंकडे साहेबांना नेहमी ही न्यायची. मी जाऊन काय सांगणार होतो? की तिच्यामागे मला एक कुत्रा सांभाळता आला नाही? म्हटलं, आधी डब्याची तपासणी करून घेऊ, दोष कुणाचा ते ठरवू, आणि मग ताठ मानेनं जाऊ.

बातमी आमच्या मजल्यावर पसरायला वेळ लागला नाही. पहिला आला वरच्या मजल्यावरचा प्रोटीन. हा पोरगा रोज दोन तास वजनं उचलतो आणि उरलेल्या वेळात त्याबद्दल बोलतो, म्हणून सगळे त्याला प्रोटीन म्हणतात. त्याने डबा हातात घेतला, फिरवून बारीक अक्षरं वाचली आणि कपाळाला हात लावला.

"काका, प्रोटीन आठ टक्के?"

"कमी आहे का?"

"कमी? माझ्या पावडरीत ऐंशी आहे. हे तर पाणी पाजताय तुम्ही त्यांना." मग तो खाली बसला, साहेबांच्या केसांत कोपरापर्यंत हात घातला आणि गंभीर चेहरा करून म्हणाला, "बरगड्या लागतायत काका."

त्यानंतर जो आला त्याने हात घातला, आणि ज्याने हात घातला त्याला बरगड्या लागल्या. मलाही लागल्या. बरगड्या प्रत्येक कुत्र्याला असतात हे त्या धांदलीत कुणाच्या ध्यानात आलं नाही. साहेब मात्र या सगळ्या काळात अतिशय खूश होते, कारण एवढं खाजवून त्यांना कधीच मिळालं नव्हतं. त्यांच्या गळ्यातला पट्टा अजून पूर्वीच्याच भोकात बसतो हे मी पाहिलं होतं, पण चामडं जुनं झालं की आटतं, असं मी स्वतःला समजावलं.

समोरच्या बाईंनी तेवढा हात घातला नाही. त्या मुलींच्या होस्टेलच्या मेट्रन होत्या. निवृत्त झाल्या तरी दारात उभ्या राहिल्या की समोरच्याला आपण उशिरा आलोय असं वाटतं. त्यांनी साहेबांकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि विचारलं, "जेवलात का?"

"हो, त्यांचं आत्ताच झालं."

"मी तुमचं विचारलं."

लोकांना औपचारिकपणे काहीतरी विचारायची सवय असते. मीही औपचारिकपणे "हो हो" म्हटलं आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी सहा डबे घेऊन माझ्या जुन्या ऑफिसात गेलो. दरवाजातच अडवला गेलो. जिथे एकतीस वर्षं आत शिरताना मला कुणी विचारलं नाही, तिथे "कुणाकडे काम आहे?" असं विचारण्यात आलं. नमुने घेण्याच्या खिडकीवर चष्मिष्ट बसला होता. हा माझ्या हाताखाली लागलेला. टाचणी कागदाच्या कुठल्या कोपऱ्यात मारायची हे मी त्याला शिकवलं. त्याने मला ओळखलं, उभा राहिला, "सर, बसा" म्हणाला. खुर्ची नव्हती, तो भाग वेगळा.

"सर, हे मानवी खाद्यात टाकू की पशुखाद्यात?"

"अरे, कुत्रा पशू आहे."

"मग पशुखाद्याचा अर्ज." त्याने तो पुढे सरकवला. त्यात रकाने होते: दुभत्या जनावरांची संख्या, दैनंदिन दूध (लिटरमध्ये), चाऱ्याखालील जमीन. मी तिन्ही ठिकाणी शून्य लिहिलं. चष्मिष्टाने मान हलवली. "शून्य चालत नाही सर. जनावरं शून्य असतील तर खाद्य कोण खातंय, असा आक्षेप निघतो." मी म्हटलं, एक कुत्रा लिही. तो म्हणाला, कुत्रा लिहिला तर दुधाचा रकाना भरावा लागेल. खरं म्हणजे त्याचं बरोबर होतं. मी त्याच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो, फक्त आवाज आणखी कोरडा ठेवला असता.

शेवटी मानवी खाद्याचा अर्ज भरायचं ठरलं. तो सरळ होता. फक्त शेवटी एक रकाना होता: "अर्जदाराने नमुना स्वतः चाखून नोंदवावे – चव, वास, पोत." त्याखाली सही, आणि एका साक्षीदाराची सही.

"हा रकाना कुणी घातला?" मी विचारलं.

चष्मिष्ट चष्मा पुसत म्हणाला, "सर, तुम्हीच. वीस वर्षांपूर्वी. लोक स्वतः न खाता तक्रारी करतात म्हणून तुम्ही टिपण लिहिलं होतं. फाईलला आहे."

फाईलला होतं. भाषा चांगली होती. मी मुकाट्याने अर्ज घेऊन घरी आलो.

आता डबा चाखायचा म्हणजे माझ्यासारख्या माणसाने तो उभ्या उभ्या, बोटाने चाटून बघावा हे बरं दिसत नाही. ऑफिसचं काम ते ऑफिसच्या शिस्तीने. मी जेवणाच्या टेबलावरचे जुने पेपर उचलले, ताट घेतलं, चमचा घेतला, शेजारी अर्ज आणि पेन ठेवलं. त्या टेबलावर मी कित्येक महिन्यांत बसलो नव्हतो. समोरच्या खुर्चीवर हिची विणायची लोकर अजून होती. एक चमचा घेतला. चव: अळणी. वास: उग्र, पण सवय होते. पोत: मऊ. रकाना भरायला एक चमचा पुरेसा होता, पण खरं सांगतो, तीन गेले. गरमागरम नव्हतं, रुचकर नव्हतं, पण बसून खाल्लेलं होतं. चौथा चमचा तोंडापाशी असताना दारात प्रोटीन उभा होता. साक्षीदार म्हणून मीच त्याला बोलावलं होतं. जरा लवकर आला.

मी तोंड पुसून म्हटलं, "सही कर." त्याने सही केली.

संध्याकाळपर्यंत संबंध इमारतीत झालं की काकांवर कुत्र्याचं खायची पाळी आली आहे. जिन्यात लोक मला वाट देऊ लागले. खालच्या मजल्यावरच्या एका बाईंनी, ज्यांनी पाच वर्षांत माझ्याकडे बघून कधी हसायची तसदी घेतली नव्हती, माझा हात हातात घेऊन "काही लागलं तर सांगा" म्हटलं. माझा अपमान असा सहानुभूतीच्या कागदात गुंडाळून मला दारोदार मिळत होता. मी तांत्रिक बाजू समजावून सांगायचा प्रयत्न केला. "तो रकाना आहे," मी सांगायचो, "मीच घातलेला." त्यावर लोक अधिकच हळुवार होत.

नमुने मात्र मी नियमाप्रमाणे तयार केले. नियम असा की एका मालाचे तीन भाग करायचे, तिन्हींवर दोरा बांधून लाखेची मोहोर मारायची. एक भाग प्रयोगशाळेला, एक उत्पादकाला, आणि एक आपल्याकडे, पुढे वाद झाला तर दाखवायला. लाख घरात नव्हती. ती शोधत तीन दुकानं फिरलो आणि चौथ्या दुकानाच्या पायरीवर मला जरा गरगरलं. मी ऊन म्हणून सोडून दिलं. विजारही सारखी खाली उतरत होती, तेव्हा येताना कंबरेच्या पट्ट्याला एक नवीन भोक पाडून घेतलं. चामडं जुनं झालं की ताणतं.

पहिला भाग चष्मिष्टाकडे गेला, दुसरा कंपनीकडे टपालाने, सोबत चार पानी पत्र. तिसरा मी टेबलावर ठेवला आणि चहा टाकायला आत गेलो. परत आलो तेव्हा साहेबांनी पुरावा दोऱ्यासकट संपवला होता. मोहोरेचा अर्धा भाग दुसऱ्या दिवशी बागेत यथावकाश परत मिळाला. तो मी नोंदीला लावला नाही. रविवारच्या वहीत मी फक्त लिहिलं: "भूक उत्तम. वजन तेराच." लिहिताना माझे डोळे भरून आले. इतकं खाणारा जीव, आणि असा झिजतोय.

कंपनीचं उत्तर आठवड्यात आलं. आपल्या लाडक्या सोबत्याच्या तब्येतीबद्दल त्यांना खेद होता, त्यांच्या मालावर पूर्ण विश्वास होता, आणि सदिच्छा म्हणून त्यांनी दोन डझन डबे पाठवले होते. ते घेऊन आलेल्या माणसाला माझं दार सापडेना, म्हणून त्याने जिन्यात उभं राहून विचारलं, "कुत्र्याच्या खाण्याचे चोवीस डबे कुणाचे?" सगळ्या मजल्यांवरची दारं उघडली. मी खाली मान घालून सही केली. त्याच संध्याकाळी समोरच्या बाईंनी माझ्या मुलीला फोन केला.

मुलगी दुसऱ्या शहरात असते. रविवारी ती फोन करते, मी "सगळं ठीक" म्हणतो, मग दोघंही हिच्याबद्दल न बोलता पाच मिनिटं काढतो. या वेळी तिने मधल्याच वारी फोन केला.

"बाबा, तुम्ही काय खाताय?"

"डब्यातलं. तूर्त तेच चालू आहे. पण त्यात कस नाही, मी तपासायला टाकलंय."

ती साहेबांचं विचारत नव्हती हे मला नंतर समजलं. "मी शनिवारी येते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

शुक्रवारी अहवाल तयार झाला. मी तो खिडकीवर उभ्या उभ्या वाचला. पाणी अठ्ठ्याहत्तर टक्के. प्रथिनं नऊ. मी चष्मिष्टाला म्हटलं, "बघ, नऊ. तो पोरगा म्हणत होता तेच. नुसतं पाणी." चष्मिष्टाने आतून रसायनशाळेतल्या बाईंना बोलावलं. त्या हात पुसत बाहेर आल्या.

"सर, डब्याची आणि पावडरीची तुलना अशी नाही करायची. आधी पाणी काढा. शंभरातून अठ्ठ्याहत्तर गेले, राहिले बावीस. त्या बावीसात नऊ प्रथिनं, म्हणजे शेकडा चाळीस. कुत्र्याला एवढं भरपूर झालं. चरबी, क्षार, सगळं जागच्या जागी आहे. डबा उत्तम आहे सर. खरं तर माझ्या पोरांच्या डब्यापेक्षा चांगला आहे."

"मग कुत्रा का झडतोय?"

"ते मी कसं सांगू? पण वजाबाकीत घोळ होतात. काय वजा करतोय तेच आधी तपासायला लागतं. आमच्याकडे निम्म्या चुका तिथेच होतात." आणि त्या आत गेल्या.

मी अहवाल घडी करून खिशात ठेवला. खिशात कागद होता आणि हातात काहीच नव्हतं. डबा निर्दोष म्हणजे रोगच असणार, आणि तोही वाईट. बसथांब्यावर मी तीन बस जाऊ दिल्या. घरी जाऊन साहेबांना तोंड कसं दाखवायचं ते मला सुचेना.

शनिवारी मुलगी आली. दार उघडल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं आणि बॅग खाली ठेवायची विसरली. मग स्वयंपाकघरात जाऊन एकेक कपाट उघडून पाहिलं. एका कपाटात चहा आणि साखर होती, दुसऱ्यात तीस डबे. मी म्हटलं, "आधी डॉक्टरांकडे जाऊ, वेळ फार थोडा आहे." ती म्हणाली, "हो बाबा, चला." तिचा आवाज मला जरा विचित्र वाटला.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत जमिनीला लागून एक सपाट काटा आहे, वर रबराची चटई. साहेब आपण होऊन त्याच्यावर गेले, दोनदा गोल फिरले आणि आडवे झाले. भिंतीवर लाल आकडा उमटला: अठरा.

"छान," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मागच्या वर्षीही अठराच होतं."

मी खिशातून वही काढली, आठ महिन्यांच्या नोंदी दाखवल्या. "तुमचा काटा चुकतोय," मी सांगितलं. "पडताळणी केव्हा झाली होती?" त्यांनी शांतपणे कडेचा शिक्का दाखवला. तारीख चालू वर्षाची. आता शिक्क्यावर अविश्वास दाखवणं माझ्या रक्तात नाही, पण साहेबांच्या जिवाचा प्रश्न होता. मी म्हटलं, "ज्याचं वजन पक्कं ठाऊक आहे असं काहीतरी ठेवून बघू. मी अडुसष्ट किलो आहे. लेखी आहे."

मी चपला काढल्या, साहेबांना उठवलं आणि काट्यावर उभा राहिलो. भिंतीवर आकडा आला: त्रेसष्ट.

"पाहा," मी म्हटलं, "पाच किलोंचा फरक."

डॉक्टरीणबाईंनी मुलीकडे पाहिलं. मग मलाच तो हिशेब दिसायला लागला. साहेबांना पाच जास्त दाखवतो आणि मला पाच कमी. एकच काटा दोघांशी असं दोन तऱ्हांनी वागणार नाही. मी पुन्हा आकड्याकडे पाहिलं. कंबरेचा पट्टा आठवला, दुकानाच्या पायरीवरची गरगर आठवली. आठ महिने मी दर रविवारी कपाटावरचा आकडा वाचून वजा करत होतो आणि तो आकडा ज्याचा होता त्या माणसाला एकदाही काट्यावर उभं केलं नव्हतं. ही गेल्याचं जे काही झिजलं ते माझं झिजलं होतं, आणि मी ते इमानेइतबारे साहेबांच्या नावावर चढवलं होतं. रेकॉर्ड शाखेत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाची ही नोंद.

मुलगी भिंतीकडच्या बाकावर बसली होती. "बाबा, शेवटचं जेवलात कधी?"

मी आठवू लागलो. डब्याचे साडेतीन चमचे सोडले तर मला काही आठवेना. मला रडू आलं, त्या खोलीत, चपला हातात घेऊन. डॉक्टरीणबाईंनी साहेबांचे कान तपासायला घेतले आणि ते काम बराच वेळ पुरवलं. निघताना त्या म्हणाल्या, "कुत्र्याला काही झालेलं नाही. पण पुढच्या महिन्यात दोघंही या."

घरी आल्यावर मुलीने न्हाणीघरातलं कपाट उघडलं. बराच वेळ तिथेच उभी होती. आईचं अक्षर होतं. मग म्हणाली, "हा आकडा खोडून त्रेसष्ट लिहू का? म्हणजे पुन्हा घोळ होणार नाही."

मी नको म्हटलं. दुसऱ्याने केलेली नोंद खोडायची नसते, हा नियम तिला माहीत नव्हता. पण खरं कारण वेगळं होतं. मी ती ओळ आठ महिने रोज दात घासताना वाचत होतो आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला दिसलं की तिने आधी मला लिहिलं आहे, मग साहेबांना. हॉस्पिटलमध्ये ती माझ्याबद्दल काही बोलली नाही, कारण तिच्या लेखी ते केव्हाच लिहून ठेवलेलं होतं.

मुलगी चार दिवस राहून गेली. जाताना तिने मला समोरच्या बाईंच्या ताब्यात दिलं. आता रोज आठ वाजता त्या ताट घेऊन येतात आणि ते रिकामं होईपर्यंत दारात उभ्या राहतात. एकही घास टाकता येत नाही. त्यांनी होस्टेलमध्ये दोनशे मुलींना पालेभाजी खायला लावली आहे, माझी काय कथा. मी टेबलावर बसून खातो. साहेब खाली बसून त्यांचा डबा खातात. चव: बरी. वास: बरा. पोत: मऊ. हिची लोकर मी खुर्चीवरून हलवलेली नाही.

रविवारी वजन करतोच. मुलगी म्हणते, एकटेच उभे राहा ना काट्यावर, साहेबांना कशाला उचलता. तिचं बरोबर आहे. पण त्या न्हाणीघरात एकट्याने काट्यावर उभं राहणं मला अजून जमत नाही. म्हणून मी साहेबांना उचलतो, आरशात वाकून पाहतो, आणि आता त्यांचे अठरा वजा करतो. मागच्या रविवारी राहिले साडेत्रेसष्ट. तिच्या आकड्याला अजून साडेचार कमी आहेत.